हॉट प्रेसमधल्या शकुंतलाबाई

पद्माकर गोगट्यांनी बायकोला टॉवेलांच्या कपाटात ठेवलंय, हे आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डच्या आख्ख्या वसाहतीला कळलं तरी त्यांच्या मुलाला पत्ता नव्हता. सून रोहिणी मैत्रिणीजवळ, योगिनीजवळ बोलली. मग काय, झालं!

कपाट म्हणजे हॉट प्रेस. गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं, आयरिश घरातली एकमेव कोरडी जागा. शकुंतलाबाईंना इथं कायम थंडी वाजायची. जानेवारीत त्या वारल्या, तेव्हा पद्माकररावांनी अस्थींचा कलश अभ्र्यांमागे सरकवला. रडले नाहीत. कुणी कसे आहात विचारलं की "ग्रँड", म्हणजे मजेत, म्हणायचे, इकडच्यांसारखं. सुई देऊन बधिर केलेल्या दाढेनं जेवावं, तसा दिवस चावायचे.

मे महिन्यात टॉवेल शोधताना मुलाच्या, नितेशच्या हाती कलश लागला.

"बाबा, हे काय? रविवारी ट्रॅमोरला समुद्रात विसर्जन करू."

"नाशिकला नेईन."

"कधी? तिकीट काढू?"

पद्माकरराव टीव्ही बघत राहिले. टीव्ही बंद होता.

संध्याकाळी कुंपणापलीकडून तावितानं हाक मारली. हा शेजारी मूळचा पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांचा. तरुणपणी रग्बी खेळायला आला, गुडघा गेला, बायको मिळाली. आता शाळेची बस चालवतो. देह बसएवढाच.

"पॅडी! बायकोला घरातच ठेवलंस म्हणे? बरं केलंस. आम्ही तर दारासमोरच पुरतो. आईच्या थडग्यावर बसून मी अभ्यास केलाय. आत्या त्यावर कपडे वाळत घालायची."

"शी! काहीतरीच काय!"

"अरे, उन्हात कडक वाळायचे!"

मग तो गावाबद्दल बोलत सुटला. किनाऱ्याला धरून एकच रस्ता. समोर प्रवाळाच्या बांधाआड निजलेलं पाणी, मागे डोंगर, डोंगरावर अळूची शेतं. वाळूतच गोड्या पाण्याचा झरा. त्याच्यापायी पूर्वजांनी तिथं गाव वसवलं. दोन हजार नऊच्या सप्टेंबरात सकाळी लाट आली आणि घरं धुऊन गेली. उरलेलं गाव वर अळूच्या शेतांत राहायला गेलं, ते परत खाली आलंच नाही.

"आणि आई?" पद्माकररावांनी विचारलं.

"खालीच. थडगी कोण उचलून नेणार? शनिवारी सगळे खाली उतरतात. गवत कापतात, खातात, भांडतात, वर जातात."

"तू गेलास तेव्हा काय वाटलं?"

"काही नाही. दगडासारखा उभा राहिलो. भाऊ ओरडला, ठोंब्या, गवत कापायला काही वाटावं लागत नाही! कोयता घे."

पद्माकरराव तसेच आत आले. रोहिणी कणीक मळत होती.

"रविवारी किती वाजता निघायचं?"

"बाबा, नक्की ना? नाशिकचं काय?"

"नाशिकला मला कोण सारखं नेणार? ट्रॅमोरला बस जाते."

रविवारी नितेशनं फोनवर बघून मंत्र म्हटले, दोनदा अडखळला. पद्माकररावांनी कलश पाण्यात रिकामा केला, हात पुसले आणि म्हणाले, "चला."

पुढच्या शनिवारी ते एकटेच बसनं ट्रॅमोरला गेले. काही वाटलं का, असं रोहिणीनं विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "चिप्स खाल्ले. बरे होते."

त्याच्या पुढच्या शनिवारीही गेले.