पाठवणीचा आवाज

"दादा, या गाण्याखाली आबांचा आवाज असंल ना?" पिशोरहून आलेली संगीताताई मॉनिटरकडं बघत बोलली. माझा माऊसवरचा हात तिथंच थांबला.

औरंगपुऱ्यात माझा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ आहे. चार वर्षांपूर्वी तिचं लग्न मीच शूट केलं. आबा म्हणजे तिचे वडील, मेंढरं राखणारा लई अबोल माणूस. मागच्या महिन्यात ते गेले. पाठवणीच्या वेळी त्यांनी तिला जवळ घेऊन काहीतरी सांगितलं होतं. रडण्याच्या भरात तिला ते कळलंच नाही. नंतर विचारलं की आबा नुसते हसायचे. माझा कॅमेरा मात्र हातभरावर होता, माईक चालू होता. त्या भरवशावर ती एसटीनं आली होती.

आता आमची रीत सांगतो. लग्नाच्या फिल्ममध्ये मूळ आवाज कुणालाच नको असतो. बँड, गोंगाट, रडारड. म्हणून एडिटिंग करताना तो काढून आम्ही गाणी टाकतो. पाठवणीला तर रडवणारं गाणं ठरलेलंच. कच्चं शूटिंग, म्हणजे रॉ फुटेज, हार्डडिस्कवर पडून राहतं आणि जागा खातं. दिवाळीआधी डिस्क गच्च भरल्या. मी तयार फिल्म कॉम्प्रेस करून, म्हणजे दाबून लहान करून, ठेवल्या. रॉ उडवलं आणि त्याच जागी नवीन लग्नं चढवली. तसं केलं की खालचं परत मिळत नाही.

मी खुर्ची तिच्याकडं वळवली.

"गाण्याखाली काही नाही, ताई. तो आवाज मीच काढला."

"मंग दुसरीकडं कुठं असंल?"

"नाय."

ती रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाली, "गाणं तरी बंद करा." मी आवाज शून्यावर आणला. आबांचे ओठ हलले. तेवढाच तुकडा तिनं पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. सहाव्यांदा मला बघवेना, मी बाहेर जाऊन उभा राहिलो. शेवटी तो बिनगाण्याचा तुकडा पेनड्राइव्हवर घेऊन ती गेली.

खरं सांगू? जागा खातं ते चित्र. तिच्या अख्ख्या लग्नाचा आवाज माझ्या जुन्या मोबाइलमध्येसुद्धा मावला असता. इतकी वर्षं या धंद्यात असून हे मला सुचलं नाही, याचा अजून राग येतो. आता रॉ उडवण्याआधी मी प्रत्येक लग्नाचा आवाज वेगळा काढून ठेवतो. अजून कुणी मागायला आलेलं नाही.