मिलच्या दुसऱ्या गेटसमोरची वेबसाइट

आमची वेबसाइट आधी चक्क लग्नपत्रिका होती. खोटं नाही सांगत.

मिल बंद पडली, ह्यांची कापड तपासणीतली नोकरी गेली आणि आम्ही घरीच दुपटी, गोधड्या शिवायला लागलो. काही वर्षं बरी गेली. मग ओळखीतली सगळी बाळं आमच्या दुपट्यांत गुंडाळून झाली आणि बाजारात तयार, झुळझुळीत ब्लँकेटं आली. कोणीतरी म्हणालं, आता वेबसाइट काढा, जमाना त्याचा आहे. हे लगेच निघाले, तेही कोणाकडे? आमच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका छापणाऱ्याकडे! तो म्हणाला, हओ, बना देंगे.

त्यानं बनवली ती अशी. वर गणपती, खाली कुलदैवत, मग आमच्या सासू-सासऱ्यांचे आशीर्वाद, मग 'आपले आगमन प्रार्थनीय'. पान उघडायला इतका वेळ लागायचा की तोवर चहा व्हावा, आणि उघडलं की सनई. आपण काय विकतो ते अगदी तळाशी. पत्ता काय, तर 'मिलच्या दुसऱ्या गेटसमोर'. इंदूर हा शब्दच नाही! इंदुरात राहून इंदूर कोण लिहितं? मिल म्हटली की रिक्षावाला बरोबर आणून सोडायचा.

ह्यांना ती फार आवडली. मला मात्र धडकी भरली होती, कारण ह्यांनी सांगून टाकलं होतं, "दिवाळीपर्यंत बाहेरच्या ऑर्डरी नाही आल्या, तर मी पिथमपूरला गार्डची नोकरी धरतो." तिथल्या एका फॅक्टरीत त्यांचं बोलणंही झालं होतं. ज्या माणसाला मिलच्या गेटवरचा गार्ड रोज सलाम ठोकायचा, तो म्हाताऱ्या गुडघ्यांनी दुसऱ्याच्या गेटवर उभा राहून मोटारींना सलाम ठोकणार?

पानाच्या खाली किती लोक येऊन गेले त्याचा आकडा असायचा, आणि तो रोज वाढायचा. हे खूश. "बघ, येऊन राहिले लोक." पण फोन काही वाजेना. फोनची घंटी झाली की मी पिठाच्या हातानं धावायची, आणि पलीकडून नणंद. "वहिनी, आज पण उघडली हं साइट, छान वाटलं सकाळी सकाळी गणपती बघून." देवासची मावशी, उज्जैनचे व्याही, माझा भाऊ, सगळे रोज दर्शनाला जावं तसे आमच्या साइटवर जात होते. त्या आकड्यात परका माणूस एक नव्हता. मला हसू आलं आणि लगेच रडू.

शेवटी मी एकटीच चौकातल्या सायबर कॅफेत गेले. तो चालवणारे भिया, म्हणजे भाऊ, सज्जन होते, माझ्याहून दहा-बारा वर्षांनीच लहान. त्यांनी पान बघितलं आणि कपाळावर हात मारला. "भाभीजी, ये तो पूरी फोटो है. मशीन फोटो नहीं पढ़ती. जो ढूँढेगा उसको मिलेगा कैसे?" म्हणजे आम्ही लिहिलेलं एक अक्षर त्या इंटरनेटला वाचताच येत नव्हतं. आणि लोक शोधताना आमच्या सासऱ्यांचं नाव थोडंच टाकणार होते? ते टाकणार 'बाळाची गोधडी', 'सुती दुपटं', 'इंदूर'.

घरी येऊन मी सांगितलं, सनई काढायची, आशीर्वाद काढायचे, सगळं साधं टाइप करायचं, फोन नंबर वर घ्यायचा. मी म्हटलं, "आणि ती मिलची ओळ पण काढायची. मिल राहिली कुठे आता?"

तेव्हा मात्र ते भडकले. "देव काढ, आई-बाबा काढ. ती ओळ राहील. मिलच्या नावासकट राहील!"

"अहो, पण पत्ता विचारणारं कोणी आहे का?"

"राहील म्हटलं ना."

मी चिडून ठेवली. एका बंद गेटापायी कशाला भांडायचं? भियांनी सगळं नव्यानं टाइप केलं, मोठे फोटो लहान केले, इंदूर चार ठिकाणी घातलं, आणि खाली मिलचं नाव आणि दुसरं गेट. पान आता झटकन उघडायला लागलं. नणंदेचा फोन आला, "वहिनी, देव कुठे गेले?" बाकी शांतता. दसरा झाला. घरात फराळाचे डबे घासायला काढले होते, दिवाळी तोंडावर आली होती.

एका सकाळी हे पिथमपूरच्या बसनं गेले. दुपारी फोन वाजला. मी नणंदच समजून जरा वैतागूनच "हां, बोला" म्हटलं. अनोळखी आवाज होता, बाईचा, हैदराबादहून. वडील आमच्या मिलमध्ये होते म्हणाली, गेल्या वर्षी वारले. मिलचा एखादा फोटो तरी सापडेल म्हणून तिनं मिलचं नाव टाकून शोधलं, तर आमचं पान आलं. बहिणीचे दिवस भरत आले होते. दोन दुपटी आणि एक गोधडी हवी होती.

संध्याकाळी हे आले. काखेत खाकी गणवेशाचं पाकीट. मी दारातच सगळं सांगून टाकलं, धापा टाकत. ते चप्पल काढायचंही विसरले.

"मिलचं नाव आधी तू घेतलंस की तिनं?"

"तिनंच."

त्यांनी पाकीट न उघडताच कपाटावर टाकलं आणि म्हणाले, "उद्या परत देऊन येतो."

मी म्हटलं, "अहो, एकच ऑर्डर आहे!"

"एकच आहे," ते म्हणाले, "पण आपल्या नात्यातली नाही."