भैरीच्या डोंगरावरचा जबाबदार माणूस

एकतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला, तरी भैरीच्या डोंगरावर वाट चुकलो तो मीच.

हा डोंगर माझ्या बायकोच्या, नलिनीच्या, माहेरच्या गावामागे आहे; माथ्यावर भैरी देवाचं देऊळ. रत्नागिरीहून निघालं की हातखंब्यापुढे तासाभराचा रस्ता. चार वर्षांपूर्वी तिची बायपास झाली. शुद्धीवर येताच ती म्हणाली, "बरी झाले की भैरीला चालत जाईन." डॉक्टर म्हणाले, "जा, पण हळूहळू. आणि बरोबर कोणीतरी जबाबदार माणूस हवा." मी पुढे झालो. (डॉक्टरांनी माझ्या मागे आणखी कोणी उभं आहे का, ते पाहिलं. त्याचा अर्थ मला उशिरा कळला.)

पहिल्या वर्षी मी रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन निघालो. दर शंभर पावलांवर तिला खाली बसवायचं आणि दंडाला पट्टा गुंडाळायचा. काजूच्या बागेपर्यंत तिचा रक्तदाब उत्तम होता. "आता तुमचा बघा," ती म्हणाली. बघितला. आम्ही तिथूनच परत फिरलो.

दुसऱ्या वर्षी निम्म्यावरची धनगरवाडी ओलांडून कातळाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, पोचलो. पायवाट सरळ जात होती.

"इकडून जवळ पडेल," मी डावीकडे बोट दाखवलं.

"नक्की?"

"अगं, मी भूगोलाचा माणूस."

दोन तास चाललो आणि निघालो होतो त्याच खडकापाशी आलो. तिथे धनगरवाडीतल्या पार्वतीबाई शेळ्या राखत बसल्या होत्या. "कवापासून बगत्येय, हितंच फिरताव," त्या म्हणाल्या. "काय हरवलाय?"

"वाट," मी म्हणालो.

त्यांनी आम्हाला घरी नेऊन ताक पाजलं आणि डोंगराच्या पायथ्यापर्यंत सोडलं. वाटेत एकदाही हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

तिसऱ्या वर्षी पार्वतीबाई स्वतः पुढे चालल्या. वाट चुकण्याचा प्रश्नच नव्हता. पण सड्यावर नलिनीला धाप लागली. आम्ही माघारी वळलो; उतरताना ती सारखी मागे वळून माथ्याकडे बघत होती. मला थट्टा सुचेना.

यंदा मी कपाटातले जुने ट्रेकिंगचे बूट काढले. बरीच वर्षं नुसते पडून होते. धनगरवाडीच्या अंगणात पोचेपर्यंत उजव्या बुटाचा तळ सुटला आणि दर पावलाला टाळ्या वाजवू लागला. पार्वतीबाईंनी तो सुंभाने करकचून बांधला. सड्यापलीकडच्या शेवटच्या चढावर सुंभ तुटलं, तळ एकीकडे गेला, मी दुसरीकडे. घोटा टम्म सुजला.

माथा जेमतेम पंधरा मिनिटांवर होता. नलिनी माझ्याशेजारी बसली. "चला, परत जाऊ," ती म्हणाली. पण नजर वर होती.

"तू जा," मी म्हटलं.

"एकटी?"

"वाट मी दाखवत नाहीये, म्हणजे पोचशील."

ती गेली. पाऊण तास मी त्या चढावर एकटा बसलो. तिला वर काही झालं तर एका पायावर कसा पोचणार, याचाच विचार. भैरीला काय काय कबूल केलं ते सांगत नाही. तेवढ्यात वरून पावलं वाजली. नलिनी उतरत होती. पदर खोचलेला, चेहरा लाल, श्वास शांत.

"अहो, वरून समुद्र दिसतो," ती म्हणाली. "अगदी बारीक रेघ, पण दिसतो."

एवढंच बोलली आणि रडली. मीही रडलो. (घोटा दुखत होता, असं घरी सगळ्यांना सांगितलंय.)

मग जिचं हृदय नाजूक, तिच्या खांद्यावर हात टाकून मी धनगरवाडीपर्यंत लंगडत आलो. पार्वतीबाईंनी घोट्याला हळद लावली, तिला आधी ताक दिलं, मग मला.

"बाय, पुढल्या वर्साला परत ये," त्या नलिनीला म्हणाल्या. "ह्यांना हितंच ठेवून वर जा. बसतील शेळ्यांसंगं."

मला व्यवस्था मान्य आहे. शेळ्यांनी अजून होकार कळवलेला नाही.