खुनी कोण, ते ती आधीच सांगायची

"खुनी डॉक्टर हाय. लय गोड बोलते मेला," असं म्हणत माझ्या बायकोनं कादंबरीचं पान टरकन फाडलं, त्यात पावशेर मिरच्या बांधल्या आणि गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकल्या.

"पुतण्या हाय," मी म्हटलं.

"तुमचं कधी खरं निघालं का जी? चार पानं राहिली. उद्या पाहा."

आम्ही सोबत दुकान आवरलं ते त्या संध्याकाळी शेवटचं.

तुमच्यातलं कोणी तेव्हा अमरावतीच्या भाजीबाजारात आलं असेल, तर तिला पाहिलंच असेल. वांग्यांच्या ढिगामागं, मांडीवर पुस्तक. अकोल्याचा तिचा भाऊ रद्दीवाला. भाजी बांधायला तो फाटक्या कादंबऱ्यांचं पोतं पाठवायचा. ती चार बुकं शिकलेली, मी बाराखडीतच अडलेलो; ती मोठ्यानं वाचायची, मी ऐकायचो. तिचा नेम एकच, वाचल्याशिवाय पान फाडायचं नाही. गोऱ्या साहेबाच्या कचेरीतले कारकूनही ताटकळायचे. "थांबा, दोन ओळी राहिल्या," म्हणायची.

जादूच्या कादंबऱ्यांवर तिचा भारी राग. "राजपुत्राजवळ उडता घोडा हाय, तरी सात डोंगर पायी कावून हिंडून राहिला? अन् एवढा मोठा राक्षस, त्याले जीव ठेवाले पोपटच सापडला? मांजरानं खाल्ला मंग? लिहिणाऱ्याले एक दिवस टोपली देऊन बाजारात बसवा."

खुनाच्या कादंबऱ्या मात्र जीव की प्राण. तिथं तिचा अंदाज कधी चुकला नाही. सारा बाजार साक्षीला आहे.

एक वकिलीणबाई रोज यायच्या, भाजीपेक्षा पानासाठी. एकदा ऐन खुनाचं पान काकड्यांसोबत एका मास्तरांकडे गेलं. बाई थेट त्यांच्या घरी. तोवर मास्तरांच्या मंडळीनं त्यावर पापड वाळत घातलेले. बाई वाकून, पापडांच्या फटींतून वाचून आल्या. आमची म्हणाली, "मले इचारायचं ना बाई, मी तोंडपाठ सांगतलं असतं."

दुकान आवरलं त्याच रात्री, पहाटे ती गेली. छातीत कळ आली म्हणाली, पाणी मागितलं, मी आणेस्तोवर संपली. दुपारी जाळून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात जाऊन बसलो. शेजारचा केळीवाला म्हणाला, "भाऊ, सुतकात दुकान मांडून राहिले?"

"इकाले नाही, वाचाले बसलो."

पुस्तक तराजूच्या पारड्यात तसंच होतं. चार पानं. एकेका अक्षरावर बोट ठेवत गेलो. पायाशी असलेलं ऊन रिकाम्या टोपल्यांपर्यंत चढलं, तेव्हा खुनी सापडला. पुतण्या.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझं खरं निघालं होतं. सांगायला बाजूला पाहिलं. बाजूला तिचं बसायचं पोतं होतं.

तेवढ्यात वकिलीणबाई आल्या. पदरानं डोळे पुसले, "फार वाईट झालं हो," म्हणाल्या. मग उगाच उभ्याच राहिल्या. एकदा पुस्तकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. शेवटी अगदी हळू विचारलं, "मग... डॉक्टरच का हो?"

मी तोंडाचा फटकळ माणूस. खोटं बोलायला मला जमत नाही.

"डॉक्टरच," मी म्हटलं.

"वाटलंच मला. त्यांचं कधी चुकलंय?"

"नाही," म्हणालो, आणि शेवटचं पान फाडून, घडी करून बंडीच्या आतल्या खिशात कोंबलं.