जबानी रिमांड

आमच्या गल्लीतल्या बायका पुढं कित्येक वर्षं म्हणायच्या, "सासूनं आज लय रिमांड दिला." म्हणजे सासू रागावली. ऐकणाऱ्याला गंमत वाटायची. मला कधी वाटली नाही. तो शब्द गल्लीत माझ्यामुळं आला, आणि येताना माझ्या डोक्यावरचं छप्पर घेऊन चालला होता.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. सेलूच्या पुढं एका मोठ्या गावी दवाखान्यात मी आया होते. माहेर-सासर दोन्ही साताऱ्याकडं. चौथीत शाळा सुटली, विशीत नवरा गेला, आणि लांबच्या एका नातेवाइकानं शब्द टाकला म्हणून ही नोकरी मिळाली. नोकरी मिळाली म्हणून मी रोज हात जोडायची आणि ती जाईल म्हणून रोज भ्यायची. एकट्या बाईला खोली द्यायला कोणी तयार नव्हतं. शेवटी एका शेतकऱ्याघरच्या म्हातारीनं दिली. तिची मुलं शेतावर, गावाकडं. ती इथं एकटीच. "माझी लेक हाय म्हनून सांगीन," म्हणाली, आणि विचारील त्याला तसंच सांगत आली. त्या खोलीशिवाय मला त्या मुलखात दुसरी जागा नव्हती.

त्या दुपारी बैलगाडीतून एक पहिलटकरीण आली होती. पोर कळांनी आईला हाका मारत होती आणि आई बाहेर पायरीवर बसून रडत होती. नव्या डॉक्टरसाहेबांचा नियम असा, की भेटीची वेळ संपली की नातेवाइकांनी आत यायचं नाही. मी आईला आत घेतलं. तेवढ्यात साहेब आले. माझ्याकडं बघून इंग्रजीत बोलायला लागले, आणि बराच वेळ बोलले. मला नुसता चेहरा वाचता येत होता. शेवटचे दोन शब्द तेवढे कानात राहिले, व्हर्बल रिप्रिमांड. मग ते निघून गेले. साहेब पुण्याकडचे. घरात बायकोशी मराठी, गड्याशी मराठी. मला रागवायलाच त्यांना मराठी पुरली नाही. आज इतक्या वर्षांनीही हे आठवलं की माझे कान तापतात.

अर्थ विचारायला मी कारकुनाकडं गेले. कारकून निजामाच्या वेळचा, सगळी हयात उर्दूत लिहिलेली. आता कागद इंग्रजी झाले, तर हा गडी अर्धे कच्चे इंग्रजी शब्द तोंडात घोळवत हिंडायचा. माहीत नाही असं मात्र कधी म्हणायचा नाही. त्यानं चष्मा पुसला आणि म्हणाला, "सायबानं तुमाला जबानी रिमांड दिलाय."

उर्दूत जबानी म्हणजे तोंडी, हे मला कुठून कळावं? आमच्याकडं जबानी पोलीस घेतात. आणि रिमांड म्हणजे काय ते तर मी लहानपणीच बघितलं होतं. बांधावरच्या मारामारीत चुलत्याला नेलं, तेव्हा घरातली चूल पेटली नव्हती. मी कारकुनाला विचारलं, आता पुढं काय? तो म्हणाला, आता काय, सांभाळून राहा. एवढं बोलून तो हॉटेलात चहा प्यायला गेला आणि तिथं बसलेल्यांनाही तेच सांगून आला.

संध्याकाळी मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. म्हातारी दारातच उभी. तिनं माझे दोन्ही हात धरले. "पोलीस दारात नको, माय. पोलीस ॲक्शनच्या साली आमी लय बघितलंय. येत्या बाजाराच्या आदी दुसरीकडं बघ." बोलताना ती रडत होती. तिच्यावर रागवायला मला तोंड नव्हतं, आणि म्हणून राग आणखीच चढत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्याच्या शिपायाला न विचारता साहेबांच्या खोलीत शिरले. म्हणाले, "साहेब, पोलीस कधी येणार तेवढं सांगा. मला खोली सोडायचीय."

त्यांना आधी कळेना. मी सगळं सांगितल्यावर ते हसायला लागले. कारकुनाला बोलावून घेतलं, तर तोही ओशाळं हसला. मग साहेबांनी मला शिकवलं. रिमांड वेगळा, रिप्रिमांड वेगळा. रिप्रिमांड म्हणजे वरच्यानं खालच्याला तोंडी समज देणं. पगार कापत नाहीत, कोणी कुठं नेत नाही.

मी म्हणाले, "समज द्यायची होती, तर मला समजेल असं का नाही बोललात?"

साहेबांचं हसणं थांबलं. म्हणाले, "बरं, पुन्हा नातेवाइकांना अवेळी आत घेऊ नका. झालं?" एवढंच होतं ते. एवढ्यासाठी माझं अन्न तुटलं, झोप गेली, आणि एक म्हातारी पोटच्या लेकीसारख्या बाईला घराबाहेर काढायला निघाली होती.

"झालं नाही," मी म्हणाले. "कारकुनांना माझ्या घरी पाठवा. गल्लीत जे पसरवलं, ते त्यांच्याच तोंडानं निस्तरू दे."

नोकरी जाईल हे दिसत होतं. जाऊ दे म्हटलं.

नोकरी गेली नाही. संध्याकाळी कारकून आला, बाजेवर बसला आणि म्हातारीला समजावून सांगू लागला. शेजारणी दारात गोळा झाल्या.

"म्हंजी पोलीस न्हाई?" म्हातारीनं विचारलं.

"न्हाई, माय."

"सायब निस्ता बोलला?"

"व्हय."

"मग आमच्या म्हाताऱ्यानं मला जलमभर रिमांडच दिला की."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. कारकून रिप्रिमांड, रिप्रिमांड म्हणत राहिला, पण तो लांबलचक शब्द कोणी उचलला नाही. म्हातारी माझ्याकडं वळली. "कुठं जाऊ नको, माय. ऱ्हा हितंच." मग रीत म्हणून म्हणाली, आलेल्या माणसाला च्या तरी टाक. कारकुनानं पाय पसरले. काम उरकल्यासारखा तो आता निवांत झाला होता.

"घरात साखर नाही," मी म्हणाले.

फडताळातला साखरेचा डबा गळ्यापर्यंत भरलेला होता. म्हातारीनंच तो सकाळी भरला होता. तिनं माझ्याकडं बघितलं आणि फडताळाचं दार ओढून घेतलं.