भाऊंनीच बसवून घेतलं
आमच्या पिंपळगावात बीपी तपासायला येणाऱ्या नर्सबाई पट्टा आधी सासूच्या दंडाला बांधायच्या. "सुनेचं आधी मोजलं, की सासूचं वाढतं," म्हणायच्या, आणि स्वतः मात्र हसायच्या नाहीत.

माझ्या बायकोला आठवा महिना होता. बीपी फार वाढलंय, जालन्याला न्या, असं बाईंनी मागच्या खेपेलाच बजावलं होतं. कापूस वेचणीला आल्ता, म्हणून मी नेलं नव्हतं. त्या परत आल्या तेव्हा दारातच खोटं बोललो, "ती माहेरी गेली."

बाईंनी उंबऱ्याजवळच्या तिच्या चपला पाहिल्या. "बराबर," म्हणाल्या आणि ओट्यावर बसल्या. "येऊ द्या तिला. बसते मी."

बऱ्याच वेळानं बायको सुजलेले पाय ओढत मागच्या दारानं आली. "कवा आल्या, बाई?"

"लई वेळ झाला. भाऊंनीच बसवून घेतलं मला," बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या.

तपासल्याबरोबर त्यांनी जीप मागवली, जालन्यापर्यंत सोबत आल्या. बायको वाचली, मुलगीही.

ती मुलगी आता स्वतः गरोदर आहे. तपासणीला निघाली, की बायको कौतुकानं सांगते, "तुझ्या बाबांनी त्या दिवशी बाईंना बसवून घेतलं, म्हणून आपण दोघी आहोत."

मी बसवून घेतलं नव्हतं, घालवून देत होतो. आज दोघींना सांगणार आहे. बाईंचे उपकार बाईंच्याच नावावर असावेत.