नावापुढचं ओ.जी.

मी फुटबॉलमध्ये डिफेंडर. नऊ वर्षं क्लबकडून पगार घेऊन खेळतेय आणि एकही गोल केलेला नाही. ते माझं कामच नाही. समोरच्यांना करू द्यायचा नाही, एवढंच माझं काम. पण हे आमच्या झाई गावात कोणाला सांगता? आई बोर्डीच्या बाजारात मासळी विकते. शेजारी बसणाऱ्या बायका तिला दर वेळी विचारायच्या, "काय गो, पोरीने गोल मारला का?" आई मान खाली घालून बोंबील निवडत राहायची. मला त्या बायकांचा भयंकर राग यायचा.

मग एका मॅचमध्ये बाजूने आलेला क्रॉस अडवायला गेले आणि बॉल माझ्याच पायाला लागून आमच्याच गोलात! आम्ही हरलो. दोन दिवसांनी डहाणूहून एसटीने घरी निघाले, कोणी ओळखू नये म्हणून तोंडाला ओढणी बांधून. घरी बघते तर ओट्यावर पेढ्यांचा पुडा. मोबाइलवर मॅच बघताना आईला स्कोअरखाली माझं नाव दिसलं होतं, पुढे 'ओ.जी.' असं. शेजारच्या सुनेने आईला सांगितलं होतं, "ओ.जी. म्हणजे एकदम भारी, एक नंबर."

"आज बाजारात वाटते," आई म्हणाली. ठेवणीतलं लुगडं नेसली होती.

मी गप्प बसले असते तर तिला एक दिवस मिरवता आलं असतं. पण उद्या कोणीतरी शहाणी तिच्या तोंडावर हसली असती, ते मला सहन झालं नसतं. सांगून टाकलं. "आई, तो आपल्याच गोलात गेला. ओ.जी. म्हणजे स्वतःवरच गोल."

"म्हणजे अजून एकही नाही?"

"नाही."

तिने पुडा पाटीत ठेवला, पाटी डोक्यावर घेतली आणि गेली. अख्खी दुपार माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

संध्याकाळी रिकामी पाटी घेऊन आली.

"पेढे?"

"वाटले."

"काय सांगून?"

"खरं तेच. पोरीने आपल्याच गोलात मारला म्हटलं. हसल्या मेल्या, पोट धरधरून हसल्या. मग एकीने विचारलं, मग पेढे कशाचे?" आई पाय धुवायला मोरीकडे वळली. "म्हटलं, नऊ वर्षांत एकदाच चुकली, त्याचे."

चुका माझ्या ढीगभर झाल्यात. पण या वेळी मी तोंड उघडलं नाही.